‘नवाच घ्या’ म्हणण्याआधी लॅपटॉप उघडून बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विंडोज 10 ला सुरक्षा अपडेट मिळणे 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, विंडोज 11 सगळ्या जुन्या यंत्रांवर बसत नाही, आणि तेव्हापासून दुरुस्तीच्या दुकानांत एकच प्रश्न येऊ लागला आहे: सहा-सात वर्षांचा हा मंद लॅपटॉप ठेवायचा की काढायचा? काउंटरच्या पलीकडून बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘फॉरमॅट मारून देतो’ किंवा ‘आता नवाच घ्या’. पहिल्यात दुकानदाराचा अर्धा तास जातो, दुसऱ्यात त्याचे कमिशन सुटते. यंत्र कशामुळे मंदावले आहे हे बघण्याची तसदी दोन्हींत नाही. आम्ही याच धंद्यात आहोत, तेव्हा ही टीका घरचीच समजावी. खरे तर निर्णय तीन गोष्टींवर ठरतो. आत डिस्क कोणती आहे, प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे आणि काय काय मोडले आहे. बघायचेही याच क्रमाने, कारण पहिल्या गोष्टीला खर्च कमी लागतो आणि फरक सगळ्यात जास्त पडतो.

लॅपटॉप चालू करून दहा मिनिटे त्याला हात लावू नका, म्हणजे सुरुवातीची धावपळ संपते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) हे लिहिलेले असते. काहीही काम चालू नसताना डिस्क 100 टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 10-15 टक्क्यांवर दिसत असेल, तर प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसला आहे. लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला साधारण 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय हेड सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला साठेकच वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. साध्यातली साधी, जुन्या ‘साटा’ जोडणीची एसएसडी तेच तुकडे सेकंदाला हजारोंनी देते, कारण तिच्यात फिरायला आणि सरकायला काही नाहीच.

त्यातही 7 मिलिमीटर जाडीच्या 1 टीबी हार्ड डिस्क आणखी रडवतात. कमी जागेत जास्त माहिती मावावी म्हणून त्यांपैकी अनेकांत ओळी कौलांसारख्या एकीवर एक चढवून लिहिलेल्या असतात. मधले एक कौल बदलायचे तर पुढची सगळी ओळ उतरवून पुन्हा रचावी लागते. अपडेट चालू असताना लॅपटॉप तासभर गोठतो तो यामुळे. फॉरमॅट मारल्यावर दोन-चार आठवडे बरे वाटते, कारण आपोआप सुरू होणारे प्रोग्राम गेलेले असतात आणि फाइली सलग लिहिलेल्या असतात. अपडेट, अँटिव्हायरस आणि ब्राउझर पुन्हा साचले की मूळ दुखणे जागेवरच.

डिस्क मंद आहे की मरायला टेकली आहे, हे मात्र वेगळे बघावे लागते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच नोंदवलेले आकडे दाखवतो. ‘रीॲलोकेटेड’, ‘पेंडिंग’ आणि ‘अनकरेक्टेबल’ या तीन ओळी वाचा; त्या डिस्कवरच्या खराब जागा मोजतात. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी फाइली बाहेर काढा. अशा डिस्कवर डीफ्रॅग (फाइली सलग मांडणे) किंवा चेकडिस्क (डिस्क तपासणे) चालवू नका. दोन्हींत डिस्क तासन् तास घासली जाते आणि उरलासुरला जीव तिथेच जातो. टिक-टिक आवाज येऊ लागला तर यंत्र लगेच बंद करावे. ‘एकदा चालू करून बघू’ या हट्टापायी डेटा परत मिळण्याची शक्यता दर वेळी घटते.

हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची ठरली की पुढचा घोळ मापांचा. 2.5 इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच स्क्रूंवर बसते. जागा 9.5 मिलिमीटरची असेल तर प्लास्टिकची पातळ चौकट लावायची, नाहीतर ती आत हलते. मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) एम-टू, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीचा, स्लॉट असेल तर जास्त नीट बघावे लागते. तिथे साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई असे दोन प्रकार चालतात, दोन्ही पट्ट्या 22 बाय 80 मिलिमीटरच्या, आणि 2017 ते 2019 मधल्या काही लॅपटॉपांत दोहोंपैकी एकच ओळखली जाते. मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर असते, ते उघडून बघायला पाच मिनिटे लागतात. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 500 एमबी वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. पण टायपिंग, इंटरनेट, टॅली असल्या कामांत या दोघींतला फरक हाताला जाणवत नाही. जाणवतो तो हार्ड डिस्क ते एसएसडी हा. जुन्या यंत्राला महागडी एनव्हीएमई घ्या म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

त्या काळात काही लॅपटॉपांबरोबर हार्ड डिस्कचा वेग वाढवणारी 16 जीबीची ऑप्टेन नावाची पट्टी येत असे. ती याच एम-टू स्लॉटमध्ये बसलेली असते आणि हार्ड डिस्कशी जोडून काम करते. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज प्रोग्राममधून ती आधी ‘डिसेबल’ न करता उपटली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि ग्राहकाला सांगितले जाते की मदरबोर्ड गेला. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत दुसरी गंमत आहे. विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. एसएसडी खराब नसते. व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या सोयीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर वेगळा घेऊन त्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ करावा लागतो.

ऑनलाइन अगदी कवडीमोलात मिळणाऱ्या, नाव न ऐकलेल्या 1 टीबी एसएसडी घेऊ नयेत. त्यांतल्या काही आतून लहान क्षमतेच्या असतात आणि विंडोजला खोटा आकडा दाखवतात. मर्यादा ओलांडली की नवी फाइल जुनीवर लिहिली जाते. संशय असेल तर एचटू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रामने रिकामी डिस्क पूर्ण भरून तपासावी. घरगुती कामाला नावाजलेल्या कंपनीची 512 जीबीची पुरते. तीही काठोकाठ भरू नये. 15-20 टक्के जागा मोकळी राहिली नाही तर तिचाही वेग पडतो. आधीपासून एसएसडी असलेला लॅपटॉप मंद झाला असेल तर पहिल्यांदा हेच बघावे.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून एसएसडीवर टाकता येते, पण तीन-चार वर्षांचा कचराही सोबत येतो. आमचे मत कोऱ्या इन्स्टॉलेशनच्या बाजूने आहे. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल एवढे पुरते. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, तो इंटरनेट जोडल्यावर आपोआप लागू होतो. त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारा. मात्र त्याआधीचा बॅकअप दुकानावर सोडू नका. ‘डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले’ एवढ्यावर भागत नाही. टॅलीचा डेटा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, आउटलुकचे ईमेल एका पीएसटी फाइलमध्ये असतात, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. आणि मराठीत काम करणाऱ्यांचे खास दुखणे म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रे, पत्रिका, ठराव हे त्या फॉन्टशिवाय उघडले तर नुसता इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. विंडोजमधले ‘फॉन्ट्स’ फोल्डर आणि श्रीलिपीच्या परवान्याची माहिती आधी बाजूला काढा.

नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते, अगदी विंडोज होम असले तरी. बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट केले किंवा बोर्ड बदलला की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. खाते कोणाच्या ईमेलवर काढले होते हे घरात कोणालाच आठवत नाही, अशी प्रकरणे हल्ली फार येतात. दुकानात देण्याआधी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर आतल्या फाइली कोणताही कारागीर सोडवू शकत नाही.

एसएसडीनंतर रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. 4 जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज उघडून बसले तरी निम्म्याहून जास्त मेमरी संपलेली असते. ब्राउझरचे चार टॅब उघडले की उरलेली जाते. मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवते आणि हार्ड डिस्क असेल तर सगळेच थांबते. रॅमची टंचाई टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा दोष म्हणून दिसते ती अशी. आज 8 जीबी हे किमान आणि 16 आरामाचे समजावे. ‘मेमरी’ पानावर एकूण स्लॉट किती आणि वापरात किती हे दिसते, पण या आकड्यावर पूर्ण विसंबू नये. बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपाही तो कधी स्लॉट म्हणून मोजतो. मागचे झाकण उघडून बघणे उत्तम. रॅमच्या जुन्या डीडीआर-थ्री प्रकाराची पट्टी 204 पिनांची, नंतरच्या डीडीआर-फोरची 260 पिनांची. खाचांची जागा वेगळी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. कमी व्होल्टेजवर, म्हणजे 1.35 वर चालणारी डीडीआर-थ्री-एल मात्र वेगळी ओळखावी लागते. 2013 नंतरच्या बहुतेक इंटेल लॅपटॉपांना तीच लागते आणि साधी 1.5 व्होल्टची पट्टी खाचेत व्यवस्थित बसूनही पडदा काळा राहतो.

2025 च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव जोरात चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. म्हणून इथे रुपयांचे आकडे देत नाही. पत्र छापून येईपर्यंत ते शिळे होतील. पण याच कारणासाठी मेलेल्या लॅपटॉपातली डीडीआर-फोर पट्टी भंगारात जाऊ देऊ नये. तशी चांगली चालणारी पट्टी हमीसह मिळाली तर जुनी घ्यायलाही हरकत नाही; रॅम झिजत नाही. फक्त मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून एकही चूक येत नाही ना हे बघावे. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या पिनांवर थर चढतो आणि लॅपटॉप सुरूच होत नाही. पट्टी काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की अशी कितीतरी ‘मेलेली’ यंत्रे उठून बसतात. खोडरबरने घासण्याची जुनी पद्धत चालते, पण तिच्याने मुलामाही थोडा थोडा जातो.

आता प्रोसेसर. तो बदलता येत नाही, बोर्डावर कायमचा बसवलेला असतो. म्हणून लॅपटॉपाचे उरलेले आयुष्य तोच ठरवतो. विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, सोबत टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय). पिढी नावात लिहिलेली असते: आय-फाइव्ह 8250यू म्हणजे आठवी, आय-थ्री 10110यू म्हणजे दहावी, आय-फाइव्ह 1135जी7 म्हणजे अकरावी. खरेदीच्या सालावर जाऊ नका. आय-थ्री 7020यू हा प्रोसेसर 2018 मध्ये बाजारात आला आणि त्याचे लॅपटॉप पुढेही विकले गेले, पण तो सातव्या पिढीचा, म्हणून यादीबाहेर. त्याच सुमारास आय-फाइव्ह 8250यू घेतलेला माणूस यादीत आहे. एएमडीवाल्यांनी अंदाज न करता मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक चालवावे.

हेल्थ चेकने ‘चालणार नाही’ म्हटले तरी लगेच हार मानू नका, कारण वाचा. आठव्या-नवव्या पिढीचे कितीतरी लॅपटॉप केवळ बायोसमधली एक सेटिंग बंद असल्याने नापास होतात. इंटेलमध्ये तिचे नाव पीटीटी, एएमडीत एफटीपीएम. ती चालू केली की टीपीएम दिसू लागतो. दुसरे कारण असते जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेले विंडोज. विंडोज 10 मध्येच असलेली एमबीआर-टू-जीपीटी ही आज्ञा डिस्कची मांडणी फाइली न पुसता बदलते, मग बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर न्यायचे आणि सिक्युअर बूट चालू करायचे. बॅकअप घेऊनच हे करावे, पण दोन्ही मिळून तासाभराचे काम आहे. नवा लॅपटॉप विकण्यापेक्षा यात दुकानाला फार कमी सुटते, एवढीच अडचण.

तेव्हा आठवी ते दहावी पिढी, हार्ड डिस्क आणि 4 किंवा 8 जीबी रॅम असा लॅपटॉप असेल, तर तो काढू नका. एसएसडी आणि रॅम टाकून तो आणखी तीन-चार वर्षे कॉलेजला, ऑफिसला, घराला पुरतो. आजच्या घडीला सगळ्यात जास्त फुकट वाया जाणारी यंत्रे हीच आहेत. सहाव्या-सातव्या पिढीची गोष्ट मधली. घरगुती वापरासाठी विंडोज 10 ची जाहीर झालेली जादा सुरक्षा मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नोंदणी होते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्ज सिंक ठेवल्या तर पैसेही पडत नाहीत. पुढे काय, याचे प्रामाणिक उत्तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या 22 या मालिकेला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट आहेत, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, लिबरऑफिस सोबतच येते. इंटरनेट, अभ्यास, पत्रलेखन, चित्रपट यांना ती झकास. पण टॅली किंवा श्रीलिपीवर पोट असेल तर मिंटकडे जाऊ नका, ते प्रोग्राम तिथे सरळ चालत नाहीत. यादीबाहेरच्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज 11 बसवून देणारे खूप आहेत. ते चालते, हेही खरे. पण मोठे वार्षिक अपडेट अशा यंत्राला आपोआप मिळत नाही आणि दर वर्षी पुन्हा तेच उद्योग करावे लागतात. ज्यावर जीएसटीचे रिटर्न भरायचे त्या यंत्रावर हा खेळ नको.

पाचव्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपवर, म्हणजे 2015 आणि त्याआधीच्या, नवे सुटे भाग विकत घेऊन टाकू नयेत. घरात पडलेली एसएसडी असेल तर मिंट टाकून मुलांना द्यावा. आणि एक जात अशी, जिच्यावर एक रुपयाही घालू नये. सेलेरॉन किंवा पेंटियम, सोल्डर केलेली 4 जीबी रॅम आणि 32 किंवा 64 जीबीची ईएमएमसी साठवण. ही साठवण बोर्डालाच चिकटलेली असते आणि यांतल्या बहुतेकांत दुसरी डिस्क लावायला जागाच ठेवलेली नसते. विंडोजचे एक मोठे अपडेट उतरवायलाही तिथे जागा उरत नाही. तो जन्मापासूनच मंद आहे, कोणाच्या हातून बिघडलेला नाही.

सुरू होताना वेगवान पण दहा मिनिटांत रेंगाळणारा लॅपटॉप बहुधा तापलेला असतो. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान बघा. नुसता व्हिडिओ चालू असताना 90 अंशांच्या वर जात असेल तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो आहे. पंख्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा गालिचा साचलेला असतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो तिथेच घट्ट होतो. झाकण उघडून, सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढून, पंखा वेगळा करून तो हाताने काढावा. हवा मारताना पाते बोटाने धरावे, नाहीतर पंखा बेफाम फिरून बेअरिंग जाते. हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यांवरच्या आकड्यांच्या क्रमाने सैल करा आणि त्याच क्रमाने आवळा. त्याखालची जुनी वाळलेली पेस्ट अल्कोहोलने पुसून नवी थोडीच लावायची. शेजारच्या चिपांवर जे मऊ पॅड असतात त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही, कारण ती फट पेस्टने भरत नाही. हे काम दर दोन-तीन वर्षांनी केले तरी पुष्कळ. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणाऱ्यांना दर वर्षी लागेल.

चार्जर बदलल्यापासून यंत्र रांगू लागले असेल तर तिकडे बघा. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन त्याची ओळख बोर्डाला सांगते. नकली चार्जरमध्ये ती नीट काम करत नाही किंवा मूळ चार्जरची वायर आतून तुटते. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम सगळ्यात खालच्या वेगावर ठेवला जातो. सुरू होताना चार्जर ओळखता आला नाही अशी ओळ येते, ती घाईत वाचलीच जात नाही. बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस आणि तिरक्या रेघेनंतर बॅटरीरिपोर्ट अशी आज्ञा इंग्रजीत द्या. तयार होणाऱ्या पानावर ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ यांची तुलना करा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदलायची वेळ झाली. टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, आणि दाबून बसवायचा तर नाहीच.

कीबोर्ड, स्पीकर, वाय-फाय कार्ड हे किरकोळ, बेलाशक बदला. बिजागरीचे मात्र लवकर मनावर घ्या. तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नळ्यांत बसतात आणि तेल-धूळ सुकून बिजागरी घट्ट झाली की त्या नळ्याच उपटून येतात. सुरुवातीलाच बिजागरी सैल करून नळ्या इपॉक्सीने बसवल्या तर काम थोडक्यात होते. तसेच उघडझाप करत राहिले की झाकण फुटते, पडद्याची केबल कातरली जाते आणि शेवटी पॅनलही जातो. पॅनल घेताना 30 पिन की 40, आणि मागच्या स्टिकरवरचा क्रमांक जुळतो का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मदरबोर्ड गेला असे निदान झाले तर दुसऱ्या दुकानात दाखवाच. वीजपुरवठ्याच्या भागातला एखादा मॉस्फेट किंवा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो आणि चिप पातळीवर काम करणारा कारागीर तो बदलून देतो. ही दुरुस्ती टिकते. मोठी चिप गरम करून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्याची दुरुस्ती बहुधा टिकत नाही. अख्खा बोर्ड बदलायचा तर विंडोजचा परवानाही नव्याने लागू शकतो, आणि सहा वर्षांच्या यंत्राला ते परवडत नाही. आमचा ठोकताळा असा, की सगळ्या दुरुस्तीची बेरीज त्याच तोडीच्या, तपासलेल्या रिफर्बिश्ड (वापरलेल्या, नीट करून विकलेल्या) लॅपटॉपच्या निम्म्या किमतीवर गेली की थांबावे. तुलना नव्या यंत्राच्या किमतीशी करू नये. तिथेच फसगत होते.

रिफर्बिश्डकडे लोक उगीच नाक मुरडतात. मोठ्या कंपन्यांनी भाडेमुदत संपल्यावर परत केलेले 2018 च्या आसपासचे लेनोव्हो थिंकपॅड टी480, डेल लॅटिट्यूड 5490, एचपी एलिटबुक 840 जी5 हे बहुतेक आठव्या पिढीचे, दोन रॅम स्लॉटांचे, सहज उघडता येणारे आहेत. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून बंगळुरूच्या एसपी रोडपर्यंत कुठेही मिळतात. त्याच पैशांत दुकानातला सगळ्यात स्वस्त नवा सेलेरॉन घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र पैसे देण्याआधी दुकानातच विंडोज रीसेट करून इंटरनेटला जोडायला लावा. सुरुवातीच्या पडद्यावर कोण्या कंपनीचे नाव आणि तिथला ईमेल मागितला तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे, उद्या कुलूप लागेल. बायोसला पासवर्ड आहे का, खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर बायोसमधल्याशी जुळतो का, बॅटरी रिपोर्ट काय म्हणतो, हेही बघा आणि जीएसटीचे बिल घ्या. नवाच घ्यायचा तर 16 जीबी रॅम, किंवा 8 असेल तर एक मोकळा स्लॉट, ही अट सोडू नका. 8 जीबी सोल्डर केलेली आणि स्लॉट नाही, असा पातळ, देखणा लॅपटॉप पाच वर्षांनी पुन्हा याच प्रश्नाला आणून सोडेल.

खरे तर रॅम सोल्डर आहे की नाही, हे खोक्यावर छापलेले असले पाहिजे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, संकेतस्थळ सुरू केले. पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खोक्यावर जे दिसते, त्यात रॅमचे स्लॉट किती, बॅटरी आतून स्क्रूने आहे की गोंदाने, हे येत नाही. आपल्या दैनिकात नव्या लॅपटॉपची परीक्षणे छापली जातात, तेव्हा प्रोसेसर आणि पडद्याच्या शेजारी या दोन ओळीही द्याव्यात, ही विनंती.

दुकानदारांकडूनही एक मागून घ्यावे. लॅपटॉप देताना जॉबशीटवर डिस्क आणि रॅम यांची कंपनी, क्षमता व सिरियल नंबर लिहून घ्यायचे आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागायचा. निघालेली हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरता येते. लॅपटॉप विकायचा किंवा शाळेला द्यायचा तर नुसते ‘डिलीट’ किंवा साधा फॉरमॅट पुरत नाही. रीसेट करताना ‘क्लीन डेटा’ हा पर्याय निवडा. हार्ड डिस्कला त्याला कित्येक तास लागतात, ते लागू द्या. यंत्र चालूच होत नसेल तर डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. उरलेला सांगाडा, आणि विशेषतः फुगलेली बॅटरी, रद्दीवाल्याला देऊ नका. गाडीत दबली की ती पेट घेते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत ई-कचरा केंद्रांची यादी आहे. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती तिथे वेगळी द्यावी.

आपले,
लॅपटॉप दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, पुणे